वाचकांचे प्रश्न : औषधाच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञाचे काम

प्रश्न : माझ्या कन्येने गोवा विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून, नव्या औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या हाताळणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी मिळत आहे. औषध डॉक्टर देणार, नोंदी परिचारिका ठेवणार आणि आकडेमोड संगणक करणार. मग हे काम केवळ कारकुनी तर नव्हे ना?
— एक पालक, फोंडा

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे, कारण संख्याशास्त्रज्ञ चाचणी संपल्यावर येतो असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच पार पडतो.

पहिला प्रश्न असतो तो रुग्ण किती घ्यावेत याचा. जुन्या औषधाने शंभरातले ६० रुग्ण बरे होतात आणि नव्याने ७० होतील अशी अपेक्षा असेल, तर हा फरक पकडण्यासाठी रूढ निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे ३५५ रुग्ण लागतात. अपेक्षा ८०ची असेल, तर ऐंशीच्या आसपास पुरतात. रुग्ण कमी घेतले तर चांगले औषधही निरुपयोगी ठरू शकते, आणि जास्त घेतले तर अनेकांना विनाकारण जोखमीत ओढल्यासारखे होते. शिवाय काणकोणहून बांबोळीच्या रुग्णालयात यावे लागणारा रुग्ण चवथीच्या दिवसांत तपासणी चुकवणार, कोणी मध्येच चाचणी सोडणार, हेही आधीच गृहीत धरावे लागते. असे रुग्ण हिशेबातून गाळायचे नसतात; ते ज्या गटात नेमले गेले, त्याच गटात मोजायचे असतात. हा नियम नवख्यांना खटकतो, पण तो नसेल तर औषध न सोसलेले लोक गळून उरलेल्यांचाच निकाल हाती येतो.

कोणत्या रुग्णाला कोणते औषध, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडता येत नाही, कारण सहृदय डॉक्टर नकळत अधिक आजारी माणसाला नवे औषध देऊ पाहतो. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ही निवड यादृच्छिक, म्हणजे कोणताही ठरावीक क्रम नसलेल्या, अंकांवर सोपवली आणि ती बंद लिफाफ्यांत ठेवली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४, तर केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. औषधाचा तुटवडा असल्यामुळे ही तुलना नैतिकदृष्ट्याही योग्य मानली गेली.

विश्लेषणाची पद्धतही आधीच लिहून ठेवावी लागते. निकाल पाहून सोयीचा निकष निवडणे म्हणजे भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणे होय. म्हणूनच या नोकरीत गणिताइतकेच महत्त्व नेमके लिहिता येण्याला आणि वरिष्ठ डॉक्टरांना नम्रपणे ‘नाही’ म्हणता येण्याला आहे. माझ्या मते दुसरा गुण अधिक दुर्मीळ आहे. चाचणी चालू असताना स्वतंत्र समितीपुढे हानीचे आकडे मांडले जातात आणि गरज भासल्यास चाचणी थांबते. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या औषधांच्या अमेरिकेतील एका चाचणीत औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त आढळल्याने १९८९मध्ये त्यातील दोन औषधे बंद करावी लागली होती.

वेर्ण्याच्या औषधनिर्मिती कारखान्यांतील गुणवत्ता-तपासणीपेक्षा हे काम वेगळे आहे, एवढे लक्षात ठेवावे. भारतातील चाचण्यांची नोंद २००९पासून सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत सक्तीची असून ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. रुग्णसंख्या आणि गटवाटपाची पद्धत त्यात दिलेली असते. आपल्या कन्येने होकार कळवण्यापूर्वी त्यातील काही नोंदी वाचाव्यात, आणि विश्लेषणाची योजना कोण लिहितो व तिच्यावर कोण सही करतो, हे त्या संस्थेला विचारावे.