शब्दांवाचून श्रद्धा : ब्रुकनर आणि मेसियाँ

ज्या वाद्यवृंद-रचनेत गायक नाहीत, तिच्यात कॅथलिक श्रद्धा खरोखर ऐकू येते, की संगीतकाराचे चरित्र ठाऊक असल्यामुळे आपण ती रचनेवर लादतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती ऐकू येते; मात्र ती भारलेल्या वातावरणात न शोधता रचनेच्या बांधणीत शोधावी.

ऑस्ट्रियन संगीतकार अँटोन ब्रुकनर यांची नववी सिंफनी घ्या. ती त्यांनी देवाला अर्पण केली हे सगळेच सांगतात, पण अर्पणपत्रिका हा फार लंगडा पुरावा झाला. खरा पुरावा तिसऱ्या, संथ लयीच्या भागात आहे. आपल्याच डी मायनर मिस्सातील (कॅथलिक उपासनेच्या पाठाला दिलेल्या संगीतातील) ‘आमच्यावर दया कर’ या याचनेची सुरावट ब्रुकनर तिथे केवळ वाद्यांकडून वदवून घेतात. पुढे संगीत चढत चढत अशा कर्कश स्वरसमूहावर आदळते की स्केलचे सातही स्वर एकदम वाजतात, आणि त्यावर काहीच उत्तर न देता सारा वाद्यवृंद गप्प होतो. ऑस्ट्रियातील सेंट फ्लोरियनच्या मठात गाणारा मुलगा म्हणून वाढलेल्या आणि नंतर तिथेच ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाला, नाद चर्चमध्ये विरेपर्यंत थांबणे अंगवळणी पडले असणार. या भागाचा शेवट हॉर्न आणि वाग्नर ट्यूबा या पितळी फुंकवाद्यांच्या शांत ई मेजरमध्ये होतो. चौथा भाग अपुरा ठेवून ब्रुकनर १८९६ साली वारले.

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याकडे ही याचना नाही, तिथे श्रद्धेची ठाम कबुली आहे. दोन्ही महायुद्धांतील मृतांसाठी १९६४ साली लिहिलेल्या त्यांच्या रचनेचे शीर्षकच ‘मृतांच्या पुनरुत्थानाची मी वाट पाहतो’ हे श्रद्धासूत्रातील, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धेच्या जाहीर कबुलीतील वाक्य आहे. तिच्यात तंतुवाद्ये मुळीच नाहीत; फुंकवाद्ये, घंटा आणि गाँग आहेत, कारण ती दगडी कॅथेड्रलात घुमावी अशा बेताने लिहिली आहे, आणि १९६५ साली ती फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथेड्रलात वाजलीही. चौथ्या भागात ईस्टरच्या ग्रेगोरियन (कॅथलिक चर्चच्या जुन्या एकसुरी गायनातील) सुरावटींसोबत सिंहविक्रम हा देशी ताल येतो. तो शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकर’मधला, म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या ग्रंथातला आहे. काही समीक्षक याला परदेशी रंग समजतात. मला ते पटत नाही, कारण मेसियाँ हे ताल मिरवत नाहीत, त्यांचा उपयोग ते संगीतातला काळ मोजण्याच्या आपल्या पद्धतीचा पाया म्हणून करतात.