कॉलेजात गुरुपर्व कसं करावं?

प्रश्न : मावशी, मी ऐरोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात एकच सरदार मुलगा आहे, माझा जिवलग मित्र. फेस्टिव्हलमधली एक संध्याकाळ शीख संस्कृतीसाठी ठेवायचं ठरलंय. कमिटीने 'पंजाबी नाइट' सुचवली आहे : डीजे, भांगडा आणि भाड्याने आणलेल्या तयार पगड्या. मित्र काही बोलत नाही, पण त्याला हे रुचलेलं नाही. काय करू?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : मित्राचं गप्प बसणं तुझ्या लक्षात आलं, याचा मला फार आनंद झाला. आधी त्याच्याशी एकट्याशी बोल. वर्गात एकटाच असलेल्या मुलाला चारचौघांत 'नको' म्हणणं जड जातं.

भाड्याच्या पगड्या मात्र आजच रद्द करा. दस्तार, म्हणजे ही पगडी, हा नाटकातला पोशाख नव्हे, ती शिखाची श्रद्धा आहे. मित्राची इच्छा असेल तर त्याने ती सगळ्यांसमोर बांधून दाखवावी. पाच-सहा मीटर सुती कापड असतं. दोघांनी दोन टोकं धरून ते ताणायचं आणि लांबीत घड्या घालत जायचं, याला 'पूणी' म्हणतात. मग एक टोक दातांत धरून पदरावर पदर बसवत जायचं. पूणी करताना दुसरं टोक तू धर. भांगडा हा सुगीचा नाच, तो जरूर करा, पण वेगळ्या दिवशी.

माझं बालपण नांदेडचं. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं ते तिथेच, गोदाकाठी. त्यामुळे लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सगळ्यांसाठीचं मोफत जेवण, आम्हा मराठी पोरांना घरच्यासारखंच. सात-आठ वर्षांची असताना पंगतीत मी पोळीसाठी एकच हात पुढे केला. वाढणाऱ्या आजीबाई थांबल्या. माझा दुसरा हात हलकेच उचलून त्यांनी पहिल्याला जोडला आणि मग त्या ओंजळीत पोळी ठेवली. तिथे पोळीला 'परशादा' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. अजून मी पोळी तशीच घेते.

म्हणून माझं सांगणं, लंगर करा. मित्राला घेऊन वाशीच्या गुरुद्वाऱ्यात जा, तिथल्या सेवादारांना विचारा, एखादा रविवार त्यांच्याबरोबर भांडी घासा. कॉलेजात डाळ, परशादे आणि कडा प्रसाद पुरे. प्रसादाला कणीक, तूप आणि साखर सारख्या मापाने. किराणा एपीएमसीतून घाऊक आणा. चपला बाहेर, डोक्याला रुमाल, आणि प्राचार्यांपासून शिपाईकाकांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर. तंबाखू-सिगारेट त्या आवारात अजिबात नको.

गुरू ग्रंथसाहिब हॉलमध्ये आणायचा विचार करू नका. शिखांसाठी ते देहधारी गुरूंच्या ठिकाणी आहेत, म्हणून त्यांच्या 1430 पानांना 'अंग' म्हणतात. त्यांची मर्यादा फेस्टिव्हलच्या गडबडीत सांभाळली जाणार नाही. त्याऐवजी रागी जथ्याला, म्हणजे गुरुद्वाऱ्यात गाणाऱ्या मंडळींना, शबद-कीर्तनासाठी (ग्रंथसाहिबातली पदं गाण्यासाठी) बोलवा आणि सुरुवात आपल्या नामदेवांच्या शबदाने करायची विनंती करा. ग्रंथसाहिबात नामदेवांचे 61 शबद आहेत! पंजाबातल्या घुमानमध्ये नामदेव राहिले, आणि 2015 साली तिथे आपलं 88वं साहित्य संमेलन भरलं. तुमच्या कॉलेजात वारकरी घरातलं कुणी असेलच, त्याच्याकडून लगेच नामदेवांचा एक अभंग म्हणवून घ्या. मला तर ही कल्पनाच इतकी आवडलीय!

तारीख मात्र जपून ठरवा. नानकदेवांचं गुरुपर्व, म्हणजे त्यांची जयंती, कार्तिकी पौर्णिमेला, तेव्हा परीक्षा किंवा सुट्टी आडवी येईल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. त्या दिवसांत गुरू गोविंदसिंगांच्या लहानग्या साहिबजाद्यांच्या (मुलांच्या) हौतात्म्याची आठवण पाळतात, बरीच घरं सणसमारंभ करत नाहीत. जानेवारीत करा. दिवस ठरला की कळव, नेरूळहून ऐरोलीला थेट गाडी आहे. परशादे लाटायला मी येते.