चवथीला पहिल्यांदाच कुणाकडे जाताय? एवढं सांभाळा

गोव्यात नवीन आहात आणि शेजाऱ्यांनी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बोलावलंय, तर नक्की जा. आमंत्रण मनापासून असतं. सगळे रीतिरिवाज आधी शिकून जायची गरज नाही, थोडं सांभाळलं की पुरे.

वेळ सर्वांत महत्त्वाची. दुपारी एक ते चार जाऊ नका. जेवणं उरकून घरातली माणसं, विशेषतः पहाटेपासून राबलेल्या बायका, जरा आडव्या होतात. संध्याकाळ बरी. मात्र गणपती दीड दिवसाचा असेल तर पहिल्याच दिवशी जा, कारण दुसऱ्या दिवशी विसर्जन.

नेहमीच्या चुका:
- माटोळीला हात लावणं. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ती फळं, कंदमुळं, नारळ, सुपारीचे घोस विसर्जनापर्यंत तसेच राहायला हवेत. एखादं रानफळ ओळखीचं नसेल तर खुशाल विचारा, घरचे हौसेने सांगतात.
- न विचारता घुमट उचलणं. आरतीला वाजवायचं हे वाद्य मातीचं असतं, तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. निसटलं की फुटलंच. आरती अर्ध्यावर सोडून निघूही नका.
- ताटात टाकणं. 'थोडंच वाढा' हे आधीच सांगा. पातोळी, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेला गोड पदार्थ, आली तर पान उलगडून बाजूला ठेवायचं, आतलं तेवढं खायचं.

आणि एखाद्या घरी यंदा गणपती नसेल तर कारण विचारू नका. बहुधा सुतक असतं.

मूर्तीचा फोटो, नैवेद्याचे नियम वगैरे पुढच्या वर्षी.