भुऱ्याले कुठी ठेवू?

तान्हा पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तेव्हा काकू पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही, आर्वीकडचं समजा. तुमच्यावर लिहू का म्हणून विचारलं तर म्हणे, "लिवा न बाप्पा, मी काय कोनाची चोरी केली का." वय 58, पाच एकर बटईनं दिलेलं, मिस्टर दोन वर्षांआधी गेले, एकच मुलगी, ती पुण्यात नोकरीला अन् दिवाळीनंतर तिचं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे मुलीनं माहेरी यायला पाहिजे, पण डॉक्टर तिकडचा, जावयाची सुट्टी तिकडची, म्हणून काकूनंच चाळीस दिवस तिकडं जायचं ठरलं, आणि तिकीट काढल्या दिवसापासून यांची झोप उडालेली.

"मॅडम, भुऱ्याले कुठी ठेवू?"

भुऱ्या म्हणजे बोका. चार वर्षांचा, राखाडी, एक कान थोडा फाटलेला.

आता खरं सांगते, माझ्याकडे लोक येतात ते कर्ज, दारू, बारावीचे मार्क, सासू-सून असले विषय घेऊन, आणि कोणी मांजराचं बोलायला लागलं की आम्हा समुपदेशकांना लगेच वाटतं हे निमित्त आहे, खरं दुखणं दुसरंच असणार. बोका मिस्टरांच्या बाजेवर त्यांच्या पायाशी झोपायचा हे कळलं तेव्हा तर मला वाटलं सापडलंच! दोन सेशन मी मिस्टरांवरच घालवले. त्या बिचाऱ्या उत्तरं द्यायच्या, हो जी, आठवन येते जी, येनारच न, आणि जरा थांबून परत, "पन भुऱ्याचं कसं करू?"

तिसऱ्या वेळी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कृषी केंद्राचं बिल, सोयाबीनच्या फवारणीच्या औषधाचं, आणि त्याच्या पाठीमागे निळ्या पेननं अकरा प्रश्न एकाखाली एक. सातवी शिकलेल्या बाईचं गोल गोल अक्षर. त्याले कोंडून ठेवतेत का. दुसऱ्या बोक्यानं मारलं तं. रात्री लाईट बंद करतेत का. जेवला नाही तं किती दिवस वाट पाह्यतेत. मले भुलन का. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारलेला: मेला तं सांगतीन का लपवतीन.

मी महिनाभर बाईंच्या मनात काहीतरी शोधत होते आणि बाईंना साधी उत्तरं पाहिजे होती. असो. त्या दिवशी आम्ही तो कागद घेऊन बसलो.

पहिले मी विचारलं घरीच का नाही ठेवत. कारण मांजर माणसाला धरून असतं तितकंच जागेलाही, त्याची भिंत, त्याचा ओटा, त्याचे वास. दोन वेळा कोणी येऊन खायला घालत असेल, वाळू साफ करत असेल तर आपल्याच घरी राहणं बहुतेक मांजरांना जास्त बरं जातं, हे मी सगळ्यांनाच आधी सांगते. काकू म्हणाल्या, घालंन कोन? शेजारी देराणी (धाकटी जाऊ) आहे, पण ती भुऱ्याला पाहून चप्पल फेकते आणि तिच्या घरात सोयाबीनच्या थप्पीखाली उंदराचं औषध टाकलेलं असते. मग हळूच जुनी गोष्ट सांगितली. पंधरा-वीस वर्षांआधी बहिणीच्या लग्नाला जाताना त्यांनी त्यांची मांजर शेताजवळच्या वस्तीवर एका ओळखीच्या घरी सोडली होती. दुसऱ्या रात्रीच ती निघाली, ती ना तिथं सापडली ना घरी पोचली. "माह्या पायीच गेली न थे."

तुमच्यापायी गेली नाही, काकू, घरी यायला निघाली होती. परक्या उघड्या घरात मांजर सोडलं की ते आपल्या जागेकडं निघतं आणि वाटेत कुत्री, रस्ता, सगळं आलं. म्हणूनच चाळीस दिवसांसाठी दाराला डबल जाळी असलेली बंद खोली ही कैद वाटली तरी उघड्या घरापेक्षा बरी. हे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "हे मले तवा कोनी सांगतलं असतं तं."

मग मी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, स्पीकरवर. इकडे तालुक्याच्या दवाखान्यात गाय-बैल-शेळीचंच जास्त चालते, मांजर घेऊन गेलं की लोक हसतात. डॉक्टरांनी सांगितलं ते काकूंनी बिलाच्या उरलेल्या जागेत लिहून घेतलं. मांजरांची ट्रायकॅट लस (तीन विषाणूंवरची एकत्र) आणि रेबीजची लस, दोन्ही घ्या. आधी कधीच दिली नसेल तर ट्रायकॅटचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसरा डोस झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे दिवाळीनंतर जायचं तर आत्ताच सुरू करा. लस न पाहता मांजर ठेवून घेणाऱ्या जागी ठेवूच नका, कारण मग शेजारच्या पिंजऱ्यातल्याचीही लस कोणी पाहिलेली नसणार. बोका खच्ची केलेला पाहिजे, नाहीतर तिथं भिंतीवर लघवीचे फवारे मारणार आणि बऱ्याच जागी घेतही नाहीत. खच्ची म्हटल्यावर काकू पदर तोंडाला लावून हसल्या, गावात हा शब्द गोऱ्ह्यांसाठीच. पण केला, सप्टेंबरातच.

आणि दोन गोष्टी डॉक्टरांनी जोर देऊन सांगितल्या, त्या मीही सगळ्यांना सांगते. मांजराचा उपास आपल्यासारखा नसतो. नवीन जागी पहिला दिवस नाही खाल्लं तर चालतं, पण दोन-तीन दिवस पोटात काहीच नाही म्हणजे लिव्हरवर चरबी चढायला लागते, लठ्ठ मांजरात तर जास्तच, म्हणून एक दिवस पूर्ण उपाशी गेला की डॉक्टरला कळवायचं. दुसरं, बोका वाळूत घडी घडी जाऊन बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, तर उद्या पाहू करायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, नळी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ठेवणाऱ्या बाईला हे माहीत आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी ती जागा कशी आहे ते समजतं.

जागा मिळाली नागपुरात, एका बाईच्या घरी वरच्या माळ्यावर सहा खोपे, प्रत्येक वेगळा, उभा, वर चढायला फळी, कूलरची हवा येते. दिवसाला 350. चाळीस दिवसांचे 14 हजार. काकूंनी लगेच हिशोब केला, सात हजाराच्या भावानं दोन क्विंटल कापूस. इथं मात्र खरी अडचण आली, पैशाची नाही, लोकांची. देराणी म्हणे, लोकाइच्या पोट्ट्याले होस्टेलची फी भराले पैसे नाही अन् हिच्या मांजरीले होस्टेल! काकू रडल्या त्या दिवशी. मी काही समजूत काढली नाही. विचारलं, मिस्टरांच्या तेरवीला किती पंगती उठल्या, किती लागले? तेव्हा कोणी हिशोब मागितला का? त्या गप्प. मग म्हणाल्या, कापूस माह्या हिश्श्याचा हाये. बस, तिथं विषय संपला.

ऑक्टोबरच्या शेवटी दोन रात्रींची ट्रायल केली. ट्रायल कराच, माझं ठाम मत आहे, थेट चाळीस दिवसांसाठी नेऊन टाकू नका. त्याआधी पंधरा दिवस नेण्याची पेटी घरात उघडी ठेवली, त्यातच जेवण, म्हणजे पेटी दिसली की इंजेक्शन असं डोक्यात बसत नाही. आणि सोबत काकूंचं एक जुनं पातळ, दोन दिवस नेसलेलं. त्यांनी रात्री फोन करून विचारलं, "धुऊन देऊ न?" नाही हो काकू, न धुतलेलंच, तुमचा वास पाहिजे. बरीच शांतता, मग, "लोकाच्या घरी मळकं पातळ कसं पाठवू मी?" बोक्यापेक्षा या पातळाची काळजी त्यांना जास्त झाली होती. एक पुठ्ठ्याचं खोकंही दिलं, कारण लपायला जागा असली की मांजर लवकर सावरतं, नेदरलँड्समध्ये 2014 साली प्राणी-निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांवर हेच तपासलं होतं, खोकं मिळालेली मांजरं लवकर रुळली. भुऱ्या पहिली रात्र खोक्यात, उपाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आला आणि उकडलेलं चिकन खाल्लं. घरी दूध-भाकर खायचा. काकूंना राग आला की आनंद झाला ते कळलं नाही.

कागदावर जे ठरवायचं ते लिहून घेतलं. आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे, न विचारता किती पैशापर्यंत इलाज करायचा, आणि काहीही झालं तरी त्याच दिवशी फोन. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईनं स्वतः दिलं, "लपवणार नाही काकू, माझ्याकडे एक गेली होती, तेव्हाही मी लगेच सांगितलं." मला वाटतं त्या एका वाक्यावर काकू तयार झाल्या.

फोनचं माझं एक सांगणं होतं. दिवसभर व्हिडिओ कॉल नाही. पाच वेळा पाहिलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या वेळी परत पाहावंसं वाटतं, काळजीचं असंच असतं, जितकं तपासाल तितकी वाढते. रोज संध्याकाळी सातला एक फोटो आणि एक ओळ, खाल्लं का, वाळूत गेला का. आठपर्यंत नाही आलं तर खुशाल फोन करा. मधल्या वेळात मनात आलं ते लिहून ठेवा, सातला वाचा. पहिले तीन-चार दिवस त्यांचं पान भरायचं. नंतर कमी झालं. नात झाली त्या दिवशीचा भुऱ्याचा फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला.

डिसेंबरच्या शेवटी परत आल्या, पुतण्याच्या गाडीत नागपूरवरून भुऱ्याला घेऊन. घरात तेव्हा बटईच्या हिश्श्याचा कापूस पुढच्या खोलीत छातीएवढा रचलेला. दुसऱ्या दिवशी मला फोन.

"मॅडम, तुमी म्हनत होत्या भुलत नाही म्हून. पेटी उघडली तं माह्याकडे पाह्यलं बी नाही न! सीधा गेला अन् कापसाच्या गंजीवर जाऊन झोपला."

मग काय केलं तुम्ही?

"काय करतो? मी बी लेटली थ्याच्याजवळ. सारं पातळ कापसानं भरलं."