गोड्या पाण्याच्या परिसंस्थेवर संशोधन करावं, की शहरातल्या नद्या-ओढ्यांच्या व्यवस्थापनात जावं?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, यातलं काय निवडू आणि पीएचडी करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी संशोधन केलं, आता व्यवस्थापनात आहे. जमल्यास क्रम हाच ठेवा.

कारण सांगतो. सुरुवातीला एका बंधाऱ्यामागचं पाणी मी रोज दुपारी तपासायचो. विरघळलेला प्राणवायू लिटरला १२ मिलिग्रॅम! २० अंशांच्या पाण्यात तो साधारण ९ मावतो. पाणी झकास आहे, असं अहवालात लिहून मोकळा झालो. आठवड्याभरात एका सकाळी मासे मरून तरंगत होते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं, आणि पहाटे पातळी अगदी खाली जाते. माझा १२ चा आकडाच शेवाळ माजल्याची, म्हणजे धोक्याची सूचना होता. तेव्हापासून मोजमाप उजाडायच्या आधी. झोप प्रिय असेल तर आत्ताच विचार करा.

बाटलीतला नमुना त्या क्षणापुरतं सांगतो, दगडाखालचे कीटक मागच्या कित्येक महिन्यांचं. स्टोनफ्लाय, मेफ्लाय हे भरपूर प्राणवायू लागणारे नाजूक कीटक दिसले तर हायसं वाटतं. नुसत्या लाल काइरोनोमिड (न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या) अळ्या आणि गांडुळासारखे किडे असतील तर प्राणवायूची बोंब समजा. (त्या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून त्या तिथेही तगतात.) हे किडे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला दोन-तीन वर्षं जातात, पण पुढे प्रत्येक बैठकीत तुमच्या शब्दाला वजन येतं ते त्यामुळेच.

व्यवस्थापनात मात्र अर्धा वेळ नदीपासून लांब जातो. शहरातला ओढा बिघडतो तो छपरं, रस्ते आणि पार्किंगमुळे. पाऊस जमिनीत मुरायच्या ऐवजी पाइपांतून धाडकन ओढ्यात येतो, काठ खरवडतो, सोबत तेल आणि जड धातू आणतो. पाणलोटाचा दहाएक टक्के भाग काँक्रीटखाली गेला, तरी नाजूक कीटक कमी होऊ लागतात. म्हणून जीआयएस (संगणकावरची नकाशा-प्रणाली) आणि गटारांचे नकाशे वाचायला शिका. इंजिनिअर मंडळींशी त्यांच्याच भाषेत, क्युमेक्समध्ये (सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहतं त्यात), बोलता आलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला काठावर झाडं कुठली लावायची एवढंच विचारतील.

पीएचडी? विद्यापीठात शिकवायचं किंवा स्वतःचा प्रकल्प चालवायचा असेल तरच. नुसतं नोकरीसाठी नको. त्यापेक्षा संख्याशास्त्र पक्कं करा आणि एखाद्या ओढ्यावर सलग दोन वर्षं नमुने घ्या, पावसाळ्यातसुद्धा.