वाचकांचे प्रश्न : नवी चूल, जुना धूर

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या जुन्या घराची डागडुजी करताना, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत आम्ही गवंड्याकडून दोन भांड्यांची, धुराडे असलेली निर्धूर चूल बांधून घेतली. घरात गॅस आहे. परंतु आंघोळीचे पाणी, भाकरी आणि हंगामात भात उकडणे यांसाठी आम्हाला चूलच लागते, शिवाय सरपण वाडीतलेच असते. आता चूल पेटवली की बराच वेळ धूर तिच्या तोंडातूनच बाहेर येतो आणि वैलावरचे, म्हणजे मागच्या भोकावरचे, पाणी कोमटच राहते. जुनी मातीची चूल यापेक्षा बरी होती, असे सासूबाई म्हणतात. ही चूल मोडून टाकावी की आमचेच काही चुकते आहे?

उत्तर : ताई, चूल मोडू नका. निर्धूर हे नाव थोडे फसवे आहे, कारण ही चूल स्वतःहून धूर नाहीसा करत नाही. ती धुराला बाहेर जाण्याची वाट देते आणि सरपण नीट जळेल अशी सोय करते. ती वाट धुराने धरावी यासाठी चूल पेटवणाऱ्यालाही काही सवयी बदलाव्या लागतात. सासूबाईंच्या जुन्या चुलीत लाकूड कितीही कोंबले तरी चालत असे, कारण तिचा धूर तसाही घरभर आणि कौलांच्या फटींतूनच जात होता. नव्या चुलीला तसे कोंबणे सोसत नाही.

धुराडे धूर ओढते, म्हणजे त्यातील गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असल्यामुळे वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा आत येते. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाची मधली नळी तापल्यावर जाळ कसा आपोआप घुमू लागतो, ते आठवा. सकाळी धुराडे गार असते, पावसाळ्यात तर ओलसरही असते, आणि त्या वेळी त्याला ओढ नसते. म्हणून चुलीत लाकडे घालण्याआधी धुराड्याच्या बुडाशी, किंवा तिथे उघडता येणारे झाकण नसेल तर वैलाच्या भोकातून आत, सुक्या झावळीचे लहानसे चूड पेटवून मिनिटभर जळू द्या आणि वैलावर लगेच भांडे ठेवा. धूर आत ओढला जाताना दिसला की मगच पुढच्या तोंडाशी काड्या पेटवा.

वैलावरचे पाणी तापत नाही याचे कारण बहुधा भांड्यांत आहे. चुलीवरची दोन्ही भोके भांड्यांनी घट्ट झाकलेली असली पाहिजेत, कारण हवेला जिथे सोपी वाट मिळते तिथूनच ती शिरते आणि निसटते. भोकापेक्षा भांडे लहान असेल, किंवा एकच पदार्थ करायचा म्हणून वैल उघडा राहिला असेल, तर धुराड्याला गरम वायूंऐवजी पडवीतली गार हवा मिळते आणि सगळी ओढ मंदावते. दुसरे काही शिजवायचे नसले तरी वैलावर पाण्याचा टोप ठेवाच. एवढे करूनही पाणी तापले नाही, तर गवंड्याला बोलावून वैलाखालची पोकळी पाहायला सांगा. तिथला तळ उंचवट्यासारखा वर उचललेला असावा लागतो, म्हणजे जाळ भांड्याच्या बुडाला घासून पुढे जातो. पोकळी खोल राहिली असेल तर जाळ भांड्याला न शिवताच धुराड्यात निघून जातो. पुष्कळ गवंडी हा उंचवटा वगळतात, कारण तो बाहेरून दिसत नाही.

आता सरपणाविषयी, आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीचा मोठा भाग इथेच आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत जाळाची उष्णता खाते. परंतु त्याहून वाईट म्हणजे जाळ थंड झाल्यामुळे लाकडातून निघालेले वायू पेट घेत नाहीत आणि धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेले सरपणच. लाकडातील ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली आली की ते नीट जळते, आणि त्यासाठी ऐन, किंजळ किंवा आंब्याचे ओंडके तोडून लगेच फोडून ठेवावे लागतात, कारण साल शाबूत असलेला गोल ओंडका वर्षभरानेही आतून ओला निघतो. फोडलेली लाकडे जमिनीला टेकू न देता दांडक्यांवर रचा, वरून पावसापासून झाका आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेले सरपण आतल्या आत घामेजते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणत्कार ऐकू आला आणि टोकांना भेगा दिसल्या, तर ती सुकली आहेत. जळताना टोकाशी फेस येऊन सूं सूं आवाज होत असेल, तर ते लाकूड परत खोपीत न्या. नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) व करवंट्या सुक्या असतील तर पेटवायला उत्तम. काजूची टरफले मात्र घरातल्या चुलीत घालू नयेत, कारण त्यांतील दाहक तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. प्लास्टिक, रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे यांनाही हाच नियम.

लाकूड आत सारण्याची पद्धतही बदलावी लागेल. मनगटापेक्षा बारीक फोडी घ्या, त्यांची केवळ टोके जाळात राहतील अशी ठेवा आणि जळतील तशा पुढे सरकवा. चुलीचे तोंड अर्ध्याहून अधिक भरू नका आणि फोडींच्या खालून हवा जाईल अशी जागा किंवा लोखंडी जाळी ठेवा. दर पाच मिनिटांनी फुंकणी हातात घ्यावी लागत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा तोंड गच्च झाले आहे असे समजावे. चूल नवी असल्यामुळे पहिले काही दिवस जाळ लहानच ठेवा. सिमेंटची असेल तर पाणी मारण्याचे दिवस पुरे होऊन ती पूर्ण वाळलेली असावी, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन तडे जातात.

धुराड्याचे टोक कौलांच्या वर किती आले आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते जिथे छपरातून बाहेर पडते तिथून किमान तीन फूट वर असावे, आणि दहा फुटांच्या आत आढे किंवा दुसरे काही उंच असेल तर त्याच्याही दोन फूट वर. आढ्याखाली राहिलेल्या धुराड्यात नैर्ऋत्येचा वारा छपरावरून कोसळून धूर खाली दाबतो. काटकोनातला वाक टाळा. छपरातून जाताना नळी लाकडी वासे व रीपांना टेकलेली नको. साध्या एकेरी नळीपासून लाकूड दीड फूट दूर असावे आणि मधली जागा पत्र्याने झाकावी. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण गार असताना, दोरीला काथ्याचा बोळा बांधून नळी वरून खाली साफ करा. ओल्या लाकडामुळे आत डांबरासारखी चिकट काजळी धरते, आणि तीच पुढे पेटून छपराला आग लागते. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या बादलीत किंवा बारदानात नव्हे, कारण तिच्यात निखारे दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतात.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या सरकारी योजनेतील चुलीच्या सिमेंटच्या नळ्या पडून आहेत. त्या कापून नव्या चुलीला वापराव्यात का?

उत्तर : वापरू नयेत. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या काळात धुराड्यांसाठी ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या सर्रास वापरल्या जात. त्या कापताना उडणाऱ्या धुळीतील तंतू फुप्फुसांना घातक असतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नळी घ्या आणि जुन्या नळ्या न फोडता बाजूला ठेवा.

प्रश्न : सुनेच्या बाळंतपणानंतर शेक-शेगडीसाठी चुलीतले निखारे खोलीत नेतो. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. निखाऱ्यांना धूर नसतो, तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही, आणि याबाबत मी सवलत देणार नाही. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत त्याने आई व बाळ दोघांचाही झोपेतच जीव जाऊ शकतो. गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या.

प्रश्न : पुण्यातील फार्महाऊससाठी बाजारातली उचलून नेता येणारी चूल घ्यावी की बांधीव?

उत्तर : अंगणात वापरायची असेल तर उचलती चूल सोयीची. तिच्यावर भारतीय मानक १३१५२ ची खूण पाहा. २०१३ च्या या मानकानुसार साध्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. मात्र अशा बहुतेक चुलींना धुराडे नसते, त्यामुळे छपराखाली रोज स्वयंपाक करायचा असेल तर धुराड्याची बांधीवच घ्या.