गोव्यात स्पोर्ट्स कारला समर टायर निवडताना: चाचणीतला ‘ओला’ रकाना दोनदा वाचा

पर्वरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जुनी घेतलेली पोर्शे ७१८ केमन, पुढे २३५/४० झेडआर १९, मागे २६५/४० झेडआर १९, आणि मागची जोडी संपत आलेली. यादीत चार नावं आहेत: मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, पिरेली पी झीरो, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट आणि कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७. युरोपातल्या प्रत्येक चाचणीत पहिला नंबर वेगळाच येतो, मग धरायचं कोणाचं? आणि ‘समर’ टायर आपल्या पावसाळ्यात चालतात का?

दुसऱ्या शंकेचा निकाल आधी लावतो. समर हे नाव थंड देशांच्या सोयीचं आहे. हवा साधारण ७ अंशांच्या खाली गेली की या टायरचं रबर कडक होतं, म्हणून तिकडे हिवाळ्यासाठी वेगळा जोड बाळगतात. आपल्याकडे डिसेंबरात मोलेच्या जंगलात पहाटेसुद्धा पारा तिथवर उतरत नाही. तेव्हा गोव्यात समर टायर बारा महिने चालतो. कोमट पावसात तर चांगला समर टायर ऑल-सीझनच्या आधी थांबतो. ऑल-सीझन कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा.

आता चाचण्या. त्यांतले आकडे त्या दिवसापुरते, त्या गाडीपुरते आणि त्या ट्रॅकपुरते असतात. नीट चाचणी घेणारे एकच ‘कंट्रोल’ टायर मधूनमधून पुन्हा चढवून पाहतात. डांबर तापलं, वारा फिरला, तर तेवढी दुरुस्ती निकालात करता यावी म्हणून. त्यामुळे एका मासिकातले ३४ मीटर दुसऱ्या मासिकातल्या ३५ मीटरांशेजारी मांडायला गेलात तर हाती काही लागणार नाही. एकाच चाचणीच्या आत तुलना करा, आणि तीही टक्केवारीत.

एका चाचणीच्या आत पाहिलं तर कोरड्या रस्त्यावर या वर्गातले पहिले चार-पाच टायर एकमेकांना खेटून असतात. १०० वरून थांबायला मीटरभर इकडे-तिकडे, लॅपला एखादा सेकंद. पर्वरी ते पणजी जाताना तो सेकंद तुम्हाला जन्मात दिसणार नाही. त्यापेक्षा हवेचा दाब दोन-तीन पीएसआयने चुकलेला असला तर तो स्टिअरिंगवर जास्त जाणवेल.

ओल्यात मात्र फरक वाढतात, आणि ते नुसत्या मीटरात वाचले तर किरकोळ वाटतात. समजा ८० च्या वेगावरून एक टायर २८ मीटरांत थांबला आणि दुसरा ३२ मध्ये. चार मीटर म्हणजे एका गाडीची लांबीही नाही. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी २८ किलोमीटरने धावत असते. गणित सोपं आहे: ८० गुणिले (१ वजा २८ भागिले ३२) चं वर्गमूळ. कोणतीही दोन अंतरं अशी घालून बघा, मग तक्ता वेगळाच दिसायला लागेल.

इथवर बहुतेकांना पटतं. गाडं अडतं ते पुढे. ‘ओलं’ हा एक रकाना नाही, दोन आहेत, आणि पुष्कळदा ते एकमेकांच्या उलट जातात.

पहिला ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचा आणि हँडलिंगचा. इथे पाण्याचा थर पातळ असतो. युरोपीय लेबलवरची ए ते ई श्रेणी ज्या चाचणीतून निघते तीत तो दीड मिलिमीटरच्या आत ठेवतात. एवढं पाणी टायर सहज बाजूला सारतो. पुढचं काम रबराचं: सिलिका असलेलं मऊ मिश्रण डांबराच्या बारीक खडबडीत किती शिरतं, त्यावर पकड ठरते. दुसरा रकाना ॲक्वाप्लेनिंगचा, म्हणजे टायर पाण्यावर तरंगण्याचा. त्यात कित्येक मिलिमीटर साचलेल्या पाण्यातून गाडी नेतात आणि चाक कोणत्या वेगाला मोकळं फिरू लागतं ते मोजतात. तिथे रबर कितीही चिकट असलं तरी ते रस्त्याला टेकलेलंच नसतं. खाचा किती रुंद, किती खोल, आणि पाणी बाहेर टाकायला वाट किती, एवढंच महत्त्वाचं. कोरड्यात भारी व्हायचं तर खाचा कमी आणि ठोकळे मोठे हवेत. पाण्यातून तरायचं तर खाचा जास्त. प्रत्येक कंपनी या ओढाताणीत कुठेतरी खुंटी ठोकते. पहिला नंबर दरवेळी बदलतो तो त्यामुळेच, कारण कोणत्या रकान्याला किती गुण द्यायचे हे प्रत्येक मासिक आपल्या मर्जीने ठरवतं.

म्हणून टायर विचारण्याआधी मी रस्ता विचारतो. रविवारी सकाळी साखळीवरून चोर्ला घाट चढणारे असाल तर तिथे वळणं आवळ, वेग बेताचा, उतारामुळे पाणी थांबत नाही. डोंगरातून झिरपणारा ओघळ, त्यावर लाल मातीचा हात फिरलेला, कडेला शेवाळ. हा पातळ थराचा रस्ता, इथे पहिला रकाना बघा. रोजची धाव राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, धारगळ-म्हापशाकडून पणजी आणि तिथून झुवारी पूल ओलांडून वेर्णा-मडगावकडे असेल, तर अवजड वाहनांनी दाबलेल्या चाकोऱ्यांत जुलैत पाणी उभं असतं आणि वेगही असतो. तिथे दुसरा रकाना. केमनचं इंजिन मध्ये, वजनाचा कल मागे. पुढची चाकं हलकी, तरी रबर २३५ मिलिमीटर रुंद. साचलेल्या पाण्यात शिरताना स्टिअरिंग अचानक हलकं होतं ते यामुळे. तेव्हा ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून पाय अलगद काढा.

दाबाचंही इथेच सांगतो. ढोबळ नियम असा की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ३६ पीएसआय हवे असताना २८ वर आले, तर तो वेग सुमारे १२ टक्क्यांनी खाली येतो. पावसाळ्यात ‘ग्रिप वाढते’ म्हणून हवा कमी करायला सांगणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात. त्यांच्याकडून चहा घ्या, सल्ला नको. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा, सकाळी, गाडी हलवण्याआधी. तापमान १० अंशांनी बदललं की दाब दीडेक पीएसआयने सरकतो, त्यामुळे भर दुपारी पंपावर मोजलेला आकडा काही खरा नाही.

तुमच्या चार नावांकडे येतो. स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ (२०२१) ओल्या ब्रेकला आणि हँडलिंगला सातत्याने वरच्या रांगेत असतो, कोरड्यातही चोख. बदल्यात झिजतो लवकर. पोटेन्झा स्पोर्ट, तोही २०२१ चा, पातळ पाण्यात जबरदस्त आणि स्टिअरिंगला तिखट. पण साचलेल्या पाण्यात तो तितका भक्कम नाही, आणि आयुष्याच्या बाबतीत चौघांत खर्चीक. पायलट स्पोर्ट ४एस या तिघांत जुना, २०१७ चा. आतल्या आणि बाहेरच्या भागाला वेगळं रबर आहे. ओल्यात नव्यांनी त्याला थोडं मागे टाकलं, पण टिकाऊपणात तो अजून भारी पडतो, आणि झिजत जातानाही त्याचा स्वभाव फारसा बिघडत नाही. या शेवटच्या गोष्टीला मी बरेच गुण देतो, कारण मासिकं टायर नवाकोरा असताना तपासतात आणि आपण तो अर्ध्यावर आल्यावरही दोन पावसाळे चालवतो. पी झीरोचं एक वाक्यात सांगता येत नाही. एकाच नावाखाली गाडीगणिक वेगळे टायर असतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीवरची चाचणी वाचून केमनबद्दल काहीच कळत नाही.

माझं मत विचाराल तर महामार्गाच्या रोजच्या वापराला ४एस. घाटाची हौस मोठी आणि टायर लवकर बदलायची तयारी असेल तर स्पोर्टकॉन्टॅक्ट ७. पायलट स्पोर्ट कप २ चा मोह कोणी घातला तर कानाडोळा करा. तो ट्रॅकचा टायर, आणि ट्रॅक आपल्यापासून कुठे, तर कोईमतूर नाही तर चेन्नई. जुलैत त्यावर बाहेर पडणं म्हणजे घसरगुंडीला आमंत्रण.

पोर्शे आपल्या गाड्यांसाठी मंजूर केलेल्या टायरवर एन-झीरो, एन-वन अशी खूण उमटवते, आणि वेगवेगळे प्रकार मिसळू नका असं सांगते. मिसळू नका हे मी शब्दशः पाळतो. पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, किंवा एकाच कंपनीचं वेगळं मॉडेल, हे मध्ये इंजिन असलेल्या गाडीला करू नये. पावसात कोणतं टोक आधी सुटेल याचा अंदाजच राहत नाही. मागची जोडीच बदलायची असेल तर पुढे जे आहे तेच, त्याच खुणेसकट. खुणेचा आग्रह मात्र वॉरंटी चालू असेल तर धरा. वॉरंटी संपली असेल आणि चारही बदलत असाल तर बिनखुणेचा एक्स्ट्रा लोड (जास्त भार पेलणारा) टायर मला इथे उलट बरा वाटतो. एन खुणेचा पी झीरो तुमच्या मापात पुढे ९२ आणि मागे ९८ लोड इंडेक्सचा (भार पेलण्याच्या क्षमतेच्या आकड्याचा) येतो. एक्स्ट्रा लोड ४एस चे आकडे ९६ आणि १०२. बाजूची भिंत थोडी कडक, त्यामुळे गाडी किंचित आदळते, पण ऑगस्टातल्या खड्ड्यांनंतर साइडवॉलला टेंगूळ येण्याची भीती कमी. वेगाची खूण वाय, म्हणजे ताशी ३००. ती तुमच्या कामाची नाही, पण त्याखालची घेऊही नका.

आता मिळण्याचा प्रश्न. उसगावला एमआरएफचा कारखाना असला तरी या मापाच्या टायरसाठी मुंबई-बंगळुरूकडेच तोंड करावं लागतं. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, तेव्हापासून परवान्याशिवाय माल येत नाही आणि अशा मापांचा साठा अधूनमधूनच उतरतो. त्यामुळे जुना पडून राहिलेला टायर ‘शेवटचा पीस’ म्हणून पुढे केला जातो. साइडवॉलवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. हे पूर्ण चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे पैसे पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, आणि आयएसआयची खूणही पाहून घ्या. दोन वर्षांहून जुना मी घेत नाही. आपल्याकडे या गाड्या थोड्या चालतात आणि जास्त उभ्या राहतात. ऊन आणि दमट हवा खाऊन रबर आधी म्हातारं होतं, नक्षी नंतर संपते. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. आणि जुनं कोटेशन हाताशी असेल तर नवं मागवा, कारण सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे.

बदलायची वेळ झाली का, हे बाहेरून उभ्याने पाहून ठरवू नका. मागच्या चाकाशी जमिनीवर आडवे व्हा, मोबाईलचा टॉर्च आत मारा आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवा. केमनची मागची चाकं वरून आत झुकलेली असतात. बाहेरच्या खाचेत ४ मिलिमीटर दिसतात आणि आतली कड गोटा झालेली असते, कधीकधी तर तारेचं टोक बोटाला लागतं. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, खाचांतल्या उंचवट्यांपर्यंत. पावसाळ्यासाठी मी ३ ची रेघ धरतो आणि मोजतो आतल्या कडेवर. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या प्रकारच्या टायरला झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची परीक्षा द्यावी लागते, ती उगाच नाही.

बसवताना टायरवाल्यापाशी उभे राहा. जॅक ठरलेल्या जागेवरच लागला पाहिजे, बोल्ट गनने न कसता टॉर्क रेंचने १६० न्यूटन मीटरवर. नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद मागून घ्या. मागच्या दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये, म्हणजे आत-बाहेर झुकण्यात, फरक दिसला तर तिथेच थांबवा, नाहीतर नवी जोडीही आतून खाल्ली जाईल. साच्यातून निघालेल्या नव्या टायरवर तुकतुकीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. जमलं तर मे महिन्यातच बसवा, म्हणजे तो थर कोरड्यात जाईल. पहिल्या सरीत धूळ, तेल आणि लाल मातीचा जो राडा रस्त्यावर होतो, त्यावर यातला कोणताच टायर चालत नाही. तेवढे दोन दिवस केमन घरी ठेवा.

पुढे सध्या कोणता टायर आहे, त्यावर एन खूण आहे का आणि तारीख काय, हे कळवा. ती जोडी २०२१ च्या आधीची निघाली तर मागच्या दोनांचा विचार सोडून चारांचा भाव काढा.